उचलताना

ती – "सूनबाई, उचलताना थरथरतंय, लक्ष ठेव." हे त्यांचे शब्द. माझ्या पदरचं एक अक्षर नाही त्यात. आणि मी काय म्हणाले? "असू दे हो बाबा, होतं असं." एवढंच. यात मी त्यांना घराबाहेर काढलं कुठे?

तो – काढलं असं कुणी म्हटलं?

ती – तू. आत्ता, सिग्नलला. "माझा बाप या वयात परके जिने चढतोय."

तो – चढतोच आहे. लिफ्ट नाही तिथे.

ती – त्यांनीच निवडली ती खोली. आपण नको नको म्हणत होतो.

तो – आपण एकदाच नको म्हटलं. तेही जेवता जेवता.

ती – तू म्हटलंस एकदा. मी दोनदा.

तो – बरं, दोनदा. तुझी कमाई जास्त.

ती – असं टोचून बोलायचं असेल तर गाडी बाजूला घे. पिलू मागे झोपलीये.

तो – टोचत नाहीये. फक्त म्हणतोय, माणूस एक वाक्य बोलला आणि त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या वाक्यावर टांगलं आपण. उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं झालं त्यांचं.

ती – मग मी काय करायला हवं होतं? आठव तो दिवस. लस टोचून आणली होती तिला. गाडी बाबांनीच चालवली होती. जिन्यापाशी उतरलो, मला पिशव्या घ्यायच्या होत्या म्हणून मी तिला त्यांच्याकडे पुढे केली. त्यांनीही हात पुढे केले. आणि नेमकं तेव्हाच म्हणाले, उचलताना थरथरतंय. अजून मान धरत नव्हती रे ती.

तो – आणि तू तिला मागे घेतलंस.

ती – कुठलीही आई घेईल. पण त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून हसले मी. हसून सोडून दिलं. माणूस आपणहून हात कापतात म्हणून सांगतो, त्याच्या तोंडावर काय डोळे मोठे करायचे?

तो – हसून सोडून दिलंस आणि मनात धरून ठेवलंस.

ती – हो, ठेवलं. आणि त्या दिवशी तुला सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास? "त्यांच्यापुढे विषय काढू नकोस, मोडून पडतील." आयुष्यभर शाईने नकाशे काढलेला माणूस, हाताचं बोललो तर जिव्हारी लागेल. हे तुझं. मग आपण दोघांनी तोंडाला कुलूप लावलं. किती समजूतदार आपण.

तो – समजूतदारच होतो.

ती – आता पाय दाब जरा. पूल आला, चढ आहे. दाब ना.

तो – दाबतोय.

ती – हे बघ. आलं. सीटखालून. तिच्या बाटलीतलं पाणी बघ.

तो – रस्ता खराब आहे.

ती – रस्ता आरशासारखा आहे. पाय सोड. थांबलं? आता परत दाब. बघ. पाणी बघ, माझ्याकडे नको बघू.

तो – नवी गाडी आहे. अंगात यायला वेळ लागतो.

ती – वर्ष व्हायला आलं. पोरगी चालायला लागली, तुझी गाडी अजून अंगात यायचीये. दोनदा चाकं तोलून घेतली, टायर पुढचे मागे केले. गॅरेजच्या त्या काचेच्या केबिनमधल्या मुलाने तर मला सांगितलं, "मॅडम, बाळ लहान असलं की झोप होत नाही, मग सगळंच हलल्यासारखं वाटतं." तू बाजूला उभा होतास. हसलास.

तो – हसलो नाही.

ती – ओठ दाबलेस. माझ्यासमोर ते हसणंच असतं. तुझ्या ताईनेही तेच सांगितलं, मन शांत ठेव म्हणून. म्हणजे गाडी थरथरत नाही, बाई थरथरते. म्हणून आज केबिन नको. आज सरळ मागच्या दाराने आत, कामवाल्या माणसाकडे.

तो – मागच्या दाराने आत जाता येत नाही.

ती – कडेवर पोर असलं की कुठेही जाता येतं.

*

फोरमन – वहिनी, इथे जमिनीवर तेल आहे, जपून. बाळाला त्या बाकावर घेऊन बसा ना. साहेब सांगतील मला.

ती – साहेबांना काही जाणवत नाही. मी सांगते.

तो – सांगू द्या तिला.

फोरमन – सांगा. उभ्या गाडीत होतं, की ब्रेक मारताना, की वळवताना?

ती – उभी असताना नाही. ब्रेकला नाही. एका वेगात सरळ चालली असेल तर तेव्हाही नाही. पाय दाबून वेग वाढवायला घेतला की सुरू होतं, आणि पाय सोडला की गप्प. जणू काही झालंच नव्हतं. चढावर जास्त. आम्ही सगळे बसलो असलो, मागे सामान असलं, तर अजून जास्त.

फोरमन – म्हणजे उचलताना.

ती – काय?

फोरमन – उचलताना थरथरते. एवढंच ना? तुम्ही एवढं फोड करून सांगितलंत.

ती – उचलताना म्हणजे... कुणी, काय उचलताना?

फोरमन – गाडी, वहिनी. गाडी उचलते. वेग घेते ना, त्याला उचलणं म्हणतात. "हिचं इंजिन चांगलं, पटकन उचलते." "जरा जड आहे, उचलत नाही." साहेब, तुम्ही म्हणत नाही असं?

तो – मी पिकअप म्हणतो.

फोरमन – तेच हो. तुम्ही पिकअप म्हणता, तुमच्या वडलांच्या वयाची माणसं उचलणं म्हणतात. जुनी गाडी चालवलेली माणसं. वहिनी, बसा तुम्ही. बाळाला द्या साहेबांकडे.

ती – नको. आहे ती माझ्याकडे. तुम्ही ते पुन्हा म्हणा.

फोरमन – कुठलं?

ती – जसं गाडी आणून दिल्यावर कुणी सांगेल. तसं.

फोरमन – काय सांगेल... "उचलताना थरथरतंय, बघून घ्या." असंच सांगतात सगळे. यात एवढं काय आहे?

तो – काही नाही. तुम्ही गाडी बघा.

फोरमन – बघतो की. थांबा, मागच्या काचेवर ते बदकाचं स्टिकर... हे बदक मी पाहिलंय. ही गाडी येऊन गेलीये माझ्याकडे.

तो – केबिनकडे आली असेल. चाकं तोलायला.

फोरमन – नाही, त्याच्याही आधी. कोरी होती, सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. एक काका घेऊन आले होते. उंच, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. काठोकाठवाले काका.

ती – कसले काका?

फोरमन – आम्ही नाव पाडलं होतं तसं. त्यांनी सांगितलं, उचलताना थरथरतं. आमच्या काउंटरवाल्यांनी नेहमीप्रमाणे यंत्र लावलं, यंत्र म्हणालं सगळं ठीक. काकांनी वाद घातला नाही. म्हणाले, एक पेला पाणी द्या. मी दिलं. म्हणाले, असं नाही, काठोकाठ भरा. मला वाटलं तहान लागलीये. तर ते पेला घेऊन माझ्या शेजारच्या सीटवर बसले. एका हातात पेला, असा अधांतरी, कशाला टेकवला नाही. म्हणाले, आता चालू कर आणि उभी ठेव. पाण्यावर सुरकुती नाही. म्हणाले, आता सावकाश चालव. नाही. मग म्हणाले, आता उचल.

ती – मग?

फोरमन – मग शहारलं की पाणी. सगळं माझ्या मांडीवर. काका म्हणाले, "आता ठरव, माझा हात की तुझी गाडी." हसलो आम्ही खूप. असा हात मी पाहिला नाही वहिनी. माझा हात बघा, वय त्यांच्या निम्मं, पाना धरला की नाचतो.

तो – मग तेव्हाच का नाही दुरुस्त केली?

फोरमन – साहेब, गाडी नवीन, हमीतली. खोलायची तर ज्याच्या नावावर आहे त्याने यायला लागतं. काकांना सांगितलं तसं. म्हणाले, मुलाच्या नावावर आहे, मुलाला घेऊन येतो. सूनबाईच्या कानावरही घालतो, तिचं सगळीकडे लक्ष असतं.

ती – असं म्हणाले?

फोरमन – असंच म्हणाले. कौतुकानेच हो. मग कुणी आलंच नाही. आम्हाला वाटलं, बसली असेल जागेवर आपोआप. बरे आहेत ना काका?

तो – बरे आहेत. नेमकं बिघडलंय काय?

फोरमन – वर घेतो गाडी, मग खात्रीने सांगतो. पण माझा अंदाज सांध्यावर आहे. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा असतो, त्याचा आतल्या बाजूचा सांधा. भार नसला की तो गप्प बसतो. भार आला की बोलतो. म्हणून तर यंत्राला कळत नाही, उभ्या गाडीला विचारलं तर ती कशाला सांगेल?

ती – एवढ्या नव्या गाडीचा सांधा कसा जाईल?

फोरमन – यात वयाचा काय संबंध? बसवतानाच वाकडा बसला असेल. जुना माणूस म्हणजे खिळखिळा आणि नवी वस्तू म्हणजे ठणठणीत, असं आपलं एक असतं डोक्यात. तसं काही नसतं. आत जाऊ नका आता, गाडी वर चढवतोय.

*

ती – इथे बस. उभा राहू नकोस, ती उठेल.

तो – फोरमनने अंदाज सांगितलाय. अजून गाडी उघडली नाही.

ती – तू अजून गाडीत अडकलायस?

तो – मग काय बोलू?

ती – "सूनबाईच्या कानावरही घालतो." घातलं त्यांनी कानावर. जिन्यापाशी. दोन्ही हात पुढे करून.

तो – "गाडी" म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? एक शब्द जास्तीचा. नकाशात रेघ चुकली की आम्हाला रात्र रात्र ऐकवायचे.

ती – आत्ताच गाडीतून उतरलेला माणूस, किल्ली बोटात. अजून काय म्हणणार? मला कळायला हवं होतं.

तो – तुला तेव्हा गाडी येत नव्हती.

ती – माणूस वाचायला गाडी यावी लागते?

तो – हळू बोल.

ती – तुला आठवतं, चहाचा कप मी त्यांना अर्धाच द्यायला लागले होते?

तो – नाही.

ती – सांडू नये म्हणून. अंगावर सांडलं तर त्यांनाच वाईट वाटेल म्हणून. पाणीही अर्धा पेला. आमटीची वाटी अर्धी. एकदा त्यांनी विचारलं, "सूनबाई, दूध कमी आलं का आज?" मी म्हटलं, नाही बाबा, लागला तर अजून घ्या ना. मग कधी विचारलं नाही. कधी मागितलाही नाही. अर्धा कप प्यायचे आणि स्वतः विसळून ठेवायचे.

तो – बास.

ती – पिलू त्यांच्याकडे झेपावायची. मी म्हणायचे, बाबा, तुम्ही बसा, मी देते तुमच्या मांडीवर. उशी लावून. दोन्ही बाजूंनी. एकदा ते तिला पाळण्यातून घ्यायला वाकले आणि मी स्वयंपाकघरातून धावत आले. धावत. हातातलं पीठसुद्धा धुतलं नव्हतं. ते तसेच वाकलेले राहिले क्षणभर. मग पाळण्याची दोरी नीट केल्यासारखं केलं आणि बाहेर गेले.

तो – तू काळजीपोटी केलंस.

ती – त्यांना कुठे माहीत कशापोटी? आपण सांगितलं होतं का त्यांना? त्यांना फक्त एवढं दिसलं, की गाडीबद्दल बोललो त्या दिवसापासून सून नात हातात देत नाही. त्यांनी काय समजायचं? तू कौतुकाने गाडी घेतलीस, यांनी तिच्यात खोट काढली, म्हणून सुनेला राग आला. दुसरा काय अर्थ लागतो?

तो – तसं वाटलं असेल तर विचारायचं.

ती – कोणी विचारायचं? तुमच्या घरात कोण काय विचारतं? सगळे एकमेकांना जपतात फक्त.

तो – आता ते "तुमचं घर" झालं.

ती – एक सांग. फोरमन म्हणाला, मुलाला घेऊन येतो म्हणाले होते. बोलले होते तुझ्याशी?

तो – कधीची गोष्ट आहे.

ती – बोलले होते का?

तो – म्हणाले होते काहीतरी. गाडी दाखवून घे म्हणून.

ती – काहीतरी म्हणजे?

तो – मी दमून आलो होतो. गाडी घेऊन पंधरवडाही झाला नव्हता. सगळे वाहवा करत होते आणि हे सोफ्यावर बसून म्हणतात, हिच्यात काहीतरी आहे. मी म्हटलं, बाबा, प्रत्येक गोष्टीत खोड काढू नका. तुमच्या काळचं मोजमाप हिला लावू नका.

ती – आणि?

तो – आणि काय. बरं म्हणाले. पेपर उचलून वाचत बसले.

ती – लशीच्या आधी का नंतर हे?

तो – आधी.

ती – म्हणजे तू ऐकलं नाहीस म्हणून माझ्याकडे आले ते. आणि मी घरी येऊन तुला सांगितलं, बाबा असं असं म्हणाले, उचलताना थरथरतंय. तेव्हा तुझ्या डोक्यात आलं नाही? गाडीचं बोलले असतील?

तो – गाडी वर घेतली बघ त्यांनी.

ती – आलं होतं.

तो – क्षणभर आलं असेल.

ती – क्षणभर.

तो – तू इतकी खात्रीने सांगत होतीस, हात, हात. रडत होतीस. मला वाटलं, असेल बाबा हाताचंच. आणि खरं सांगू? हाताचं असलं तर बरं, असं वाटलं. गाडीचं असलं तर पुन्हा तो विषय, पुन्हा त्यांचं ते तोंड, मी म्हणत होतो ना असं. हात म्हटलं की सगळं मिटत होतं. त्यात कुणाची चूक नव्हती.

ती – वा.

तो – तू विचारलंस म्हणून सांगितलं.

ती – म्हणजे माझी चूक ऐकण्यातली. तुझी ऐकून न ऐकण्यातली. वाटणी बरी झाली.

तो – जाऊन सांगू त्यांना. आजच. गाडी झाली की सरळ तिकडे. किल्ली देऊ हातात. म्हणू, बाबा, तुमचंच बरोबर होतं.

ती – त्यांना बरोबर असायचं नव्हतं रे. त्यांना नात घ्यायची होती.

तो – मग देऊ की नात.

ती – ती जाते का त्यांच्याकडे आता? मागच्या वेळी गेलो तर रडून आकांत केला. परके वाटतात तिला. ते हात मागे बांधून खिडकीशी उभे राहिले, म्हणाले, असू दे, रडवू नका तिला. हात मागे बांधून, कळतंय का? हल्ली ते तसेच उभे असतात. मी तर मनात म्हटलं होतं, कापणं वाढलं असणार, म्हणून लपवतायत.

तो – फोन लाव त्यांना.

ती – तू लाव. बाप तुझा.

तो – लावतो... वाजतोय.

ती – स्पीकरवर नको, उठेल ती.

तो – उचलत नाहीत.

ती – पुन्हा लाव.

तो – दुपारची वेळ आहे. पडले असतील.

ती – ते दुपारी झोपत नाहीत. पेपरातलं शब्दकोडं सोडवतात. पुन्हा लाव.

तो – लावला. वाजतोय नुसता. तुझ्यावरून लावून बघ.

ती – माझ्यावरून सकाळी लावला होता. तुला बोलले नाही. कालही लावला होता. मला वाटलं, माझा आहे म्हणून उचलत नाहीत.

तो – काल कधी?

ती – पिलूने "आबा" म्हटलं म्हणून. फोटोकडे बघून. ते सांगायला.

तो – मी निघतो. रिक्षा करतो.

ती – इथून पोचायला तुला किती वेळ लागेल? जा तू, जा. मी खालच्या मजल्यावरच्या मावशींना लावते. नंबर आहे माझ्याकडे. बाबांना न सांगता घेऊन ठेवला होता. काळजी वाटते म्हणून.

*

(ती फोनवर बोलते आहे. पलीकडचं ऐकू येत नाही.)

ती – मावशी, मी वरच्या नकाशेवाल्या बाबांची सून. हो, पिलूची आई. नाही, सगळं ठीक आहे. म्हणजे ठीक आहे असं वाटतंय... तुम्ही आज पाहिलंत का त्यांना? पेपर दारातच आहे? कालचा की आजचा?... बरं. मावशी, तुमचे गुडघे दुखतात मला माहीत आहे, पण जरा वर जाऊन बघाल? बेल जोरात वाजवा. दार उघडलं तर काही सांगू नका, मी विचारत होते म्हणून सांगू नका. काहीतरी निमित्त काढा. पाणी मागा. त्यांना आणू द्या, त्यांच्या हाताने. ते भरून आणतात... नाही, फोन वाजतोय मावशी, पण ते उचलत नाहीत. तुम्ही जा. सावकाश चढा. मी फोन धरून ठेवते.